स्टेफचा टॉवेल

(राजाच्या वाढदिवशी उत्रेख्तमध्ये कुणीही फुटपाथवर घरातला पसारा विकायला बसावं. खडूने आधीच आखून ठेवलेल्या चौकोनात जोरीन चादर अंथरून बसली आहे. शेजारी घडीच्या खुर्चीत आई, डोक्यावर नारिंगी टोपी.)

जोरीन : आई, गिऱ्हाइकांसमोर हसू नकोस ना!

आई : हसू नको तर काय करू? स्टेफचं थोबाड छापलेली उशी! याच थोबाडावर लाळ गाळत झोपायचीस.

जोरीन : पंधरा वर्षांची होते मी.

आई : आणि आता तो टकल्या टीव्हीवर हीट पंप विकतो.

जोरीन : म्हणूनच तर काढतेय सगळं. रूड म्हणतो, माळ्यावर एक तर नवऱ्याचे तंबू राहतील, नाहीतर माझा स्टेफ.

बाई : अय्या! या पिशवीतला... रॉटरडॅमच्या शोमधला टॉवेल का हा? गाता गाता फेकलेला?

जोरीन : तोच! दोघी-तिघींच्या झिंज्या उपटून मिळवलाय. कित्येक वर्षं हवाबंद. एकदासुद्धा धुतलेला नाही.

बाई : म्हणजे घामसुद्धा त्याचाच?

आई : शी!

बाई : काकू, माझ्या खांद्यावर नाव गोंदलंय त्याचं. मला कसली आलीय शी! पन्नास युरो देते.

जोरीन : दिला!

आई : थांब जोरीन. नको देऊस. या बाईंना फसवल्यासारखं होईल.

जोरीन : फसवणं कसलं? टॉवेल त्याचाच आहे.

आई : टॉवेल त्याचा आहे गं. घाम नाही.

जोरीन : काय?

आई : तू शाळेत होतीस. बोरिस कालव्यात पडला. चिखलाने बरबटलेला कुत्रा, हाताला लागेल त्याने पुसला. मग टॉवेल नव्वद डिग्रीवर धुऊन काढला.

जोरीन : आई!!

आई : नुसता साबणाचा वास! मला तर रडूच फुटलं. पोरगी आता जीव देणार. तर तुझे बाबा म्हणाले, "घामच हवाय ना? त्यात काय एवढं!" दोन स्वेटर चढवले, टॉवेल गळ्यात टाकला आणि वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणत गेले. तेही गुडघे दुखत असताना! असे तीन दिवस. वर आंघोळही नाही.

जोरीन : मी रोज रात्री त्या टॉवेलच्या पाप्या घ्यायचे!

आई : माहितीय. त्यांना इतकी लाज वाटायची, की तुझ्या खोलीवरून जाताना खाली मान घालून जायचे.

जोरीन : आणि तुम्ही दोघं गप्प!

आई : तुझ्या लग्नात सांगणार होते ते. मग म्हणाले, राहू दे, बिचारीचं पहिलं प्रेम आहे. पुढे आजारपण आलं, त्यातच गेले. राहून गेलं.

बाई : अहो, पण टॉवेल तर अस्सलच आहे ना? पंचवीसला द्या. घरी नेऊन स्वच्छ धुते.

जोरीन : हात लावू नका!

बाई : तीस?

जोरीन : नाही विकायचा. उशी घ्या. फुकट घ्या. पोस्टरंही न्या सगळी.

बाई : काय विचित्र बाई आहे! बरं, आणा उशी.

आई : गेली एकदाची. जोरीन... रडतेस काय गं?

जोरीन : हसतेय.

आई : अगं, ती पिशवी... जरा उघडू का?

जोरीन : उघड. पण पटकन बंद कर. वास उडून जाईल.