देव येईपर्यंत खायचं काय?

मंडळी, जरा सरसावून बसा! मागच्या खांबाला टेकलेले काका — हो, तुम्हीच! — डोळे मिटलेत ते ध्यान लागलंय म्हणून, की जेवण जास्त झालंय म्हणून? असू द्या, असू द्या. भरल्या पोटी झोप येते, तोही देवाचाच प्रसाद. आणि आज बोलायचंय ते या पोटाबद्दलच!

आपण म्हणतो, भक्तानं हाक मारली की देव भरल्या ताटावरून उठतो आणि हातसुद्धा न धुता धावत सुटतो. धावतो ना? धावतोच! माझी तक्रार नाही. पण समजा देव निघाला, आणि वाटेत दरड कोसळलेली! पूल वाहून गेलेला! त्याला पोचायला लागले नऊ दिवस! तर मंडळी, माझा साधा प्रश्न — देव येईपर्यंत खायचं काय?

हसता कशाला? ऐका!

घाटाच्या अगदी पायथ्याला खांबटे नावाचं गाव. तीस-पस्तीस घरं. खालची आळी ओढ्याकाठी, वरची आळी टेकाडावर, आणि टेकाडाच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ. बाहेर जायला रस्ता एक, त्या रस्त्यावर पूल एक. आणि देवळाचे गुरव सदोबा — तेही एकच, पण आव असा, की आपण पाणी घातल्याशिवाय देवी आंघोळच करणार नाही!

माणूस वाईट नव्हता हो. पन्नाशी उलटलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सकाळी पूजा, दुपारी झोप, संध्याकाळी आरती. खोड एकच — जीभ! देवीपुढे पेढा ठेवायचा, आणि देवीची पापणी लवायच्या आत उचलायचा!

वरच्या आळीत, त्याच्याच अंगणात दुसरी चूल होती त्याच्या विधवा भावजयीची. अनसूयावहिनी. आश्रमशाळेत बावीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. दीडशे पोरींचं जेवण दोन वेळा! पातेल्यात नुसतं डोकावून सांगायची, आज कितीजणी अर्धपोटी उठणार ते.

तर झालं काय, आदल्या पावसाळ्यात शेजारचं एक गाव दरडीनं पाच दिवस अडकलं. खांबटेकरांना घाम फुटला. चैत्रात सभा भरली. ठरलं — देवळाच्या कोठीत गावाची बेगमी करून ठेवायची. सामान आणायचं कोणी? कोठीची किल्ली सदोबाच्या कमरेला, म्हणून सदोबानं! आपल्याकडे कामं अशीच वाटतात, मंडळी. ज्याच्या हातात माईक, तो वक्ता!

वहिनीनं यादी सांगितली. "भावोजी, लिहून घ्या. नाचणी, हुलगे, मटकी, शेंगदाणे, गूळ, डाळ्या, जाडे पोहे, तेल, मीठ. थोडा आळीव, कुणी बाळंतीण असली तर. आणि सुकट."

सदोबाची पेन्सिल थांबली. "सुकट? देवळात?"

"देवीला बकरा चालतो, कोंबडा चालतो. मूठभर सुकटीनंच बाटते होय ती?"

सदोबाला उत्तर सुचलं नाही. मंडळी, मलाही सुचलेलं नाही! पहिल्या रांगेतल्या विश्वस्तांना सुचलं तर त्यांनी उठून सांगावं. नाही? बरं, पुढे जाऊ.

सदोबा टेम्पो घेऊन तालुक्याला गेला. धान्याच्या दुकानात उभा राहिला. पोत्यातले हुलगे हातात घेतले. बारके, काळपट, खड्यासारखे. त्याला आठवलं, आजोबा हे घोड्याला घालायचे! नाचणी बघितली — मातकट. सुकटीचा वास आला — नाकाला धोतर लावलं. आणि शेजारी? शेजारी दुकान कसलं, झगमगाट! क्रीमची बिस्किटं, फरसाण, नूडल्स, वेफर्स, खारी, लाल-हिरव्या सरबताच्या बाटल्या!

सदोबा मनाशी म्हणाला, "संकटात माणूस आधीच रडवेला. निदान त्याचं तोंड तरी गोड होऊ दे." काय उदात्त विचार! जिभेला हवं ते करायचं असलं ना, की माणसाला दुसऱ्याची दया फार येते.

टेम्पो भरून परतला. वहिनी देवळाच्या पायरीशी उभी. "यादीतलं मिळालं सगळं?"

"सगळं!" सदोबा म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला. "आळीवसुद्धा. खोकी बंद केलीत, उघडू नका, मुंग्या लागतील."

खोकी कोठीत गेली. कुलूप लागलं. वहिनीनं विश्वास ठेवला. गुरव देवळाच्या पायरीवर उभं राहून खोटं बोलेल, असं कुणाला वाटतं?

आणि श्रावणातल्या एका सकाळी, दहाच्या सुमाराला, ओढा उलटला! घाटात दरड आली, पूल गेला, खालच्या आळीत छातीभर पाणी. लोकांनी म्हातारी माणसं पाठीवर घेतली, गुरांची दावी कापली आणि टेकाड चढले. जीव सगळ्यांचे वाचले. पण कणगी, डबे, मडकी, चुली — सगळं चिखलात. फोन बंद. वीज बंद. सत्तर-ऐंशी माणसं ओल्या कपड्यांनी सभामंडपात.

सदोबानं दिमाखात किल्ली काढली. पहिलं खोकं फोडलं — क्रीमची बिस्किटं! पोरं नाचायला लागली. दुसरं फोडलं — फरसाण! मोठी माणसंसुद्धा हसली. सरपंच म्हणाले, "वा सदोबा, संकट आलंय की जत्रा?" टाळ्या! अहो, खरोखर टाळ्या पडल्या!

वहिनी मात्र एकेक खोकं वाकून बघत होती. शेवटी उभी राहिली.

"भावोजी, आळीव कुठाय?"

"मिळाला नाही."

"हुलगे? नाचणी?"

सदोबा किल्लीशी चाळा करायला लागला.

"निदान शेंगदाणे?"

"फरसाणात असतात की!"

मंडळी, तुम्ही हसलात. ती नाही हसली. तिनं पदर खोचला आणि पायऱ्या उतरून निघून गेली. त्या दिवसापासून तिनं देवळाकडे पाठ फिरवली.

दुसरा दिवस. वरच्या आळीतल्या दहा घरांनी तांदूळ दिला. मग भात आणि फरसाण! तिसरा दिवस — फरसाण आणि भात! ते खारट खाऊन घसा कोरडा पडायचा. पाणी गढूळ, उकळल्याशिवाय प्यायची सोय नाही, आणि लाकडं ओली, भात शिजेपर्यंतच डोळे लाल. नूडल्स कोण उकडत बसणार? पोरं कोरड्याच कुडुमकुडुम चावायची. दुपारपर्यंत निम्म्यांच्या पोटात कळा, निम्म्यांना साफच होईना! साखरेचा आजार असलेले भागूआजोबा बिस्किटाचा पुडा हातात घेऊन नुसते बसलेले. खाल्लं तर साखर, नाही खाल्लं तर चक्कर.

सदोबाला हे दिसत होतं. त्याला आणखी एक दिसत होतं. खाली वहिनीच्या पडवीत भागूआजोबा आणि दोन म्हाताऱ्या आंबील पीत बसलेल्या. सदोबा पुटपुटला, "मला खाली बघायला लावते!" आणि त्यानं तोंड फिरवलं. आणि मग, सवयीनं, एक बिस्किट खाल्लं. गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सुगंधा आली. खालच्या आळीतली सून, नवरा कामाला दूर शहरात, पदराखाली दीड महिन्याची मुलगी. तीन दिवस ती पोर रडत होती. त्या दिवशी तिचा रडायचा आवाजही बारीक झाला होता.

"गुरवकाका," सुगंधा खाली मान घालून म्हणाली, "दूध उतरत नाही. चहा-बिस्किटावर कसं उतरणार? दुसरं काही आहे का आत?"

सदोबा कोठीत गेला. सगळी खोकी उलटीपालटी केली. वेफर्स. सरबत. खारी. एवढी भरलेली कोठी, आणि त्यात एका बाळंतिणीच्या तोंडात घालण्याजोगा घास नाही! बाहेर येऊन तो चाचरत म्हणाला, "पोरीला... बिस्किट कोमट पाण्यात कालवून..."

सुगंधानं फक्त वर बघितलं. सदोबाचे कान तापले. तो तसाच निघाला, पायऱ्या उतरला, चिखलातून अनवाणी वहिनीच्या दारात जाऊन उभा राहिला. चार दिवसांचा अबोला.

"काय, भावोजी?"

"सुगंधाचं दूध आटलंय. मी तिला... बिस्किटाचं पाणी म्हणालो पोरीला."

"तान्ह्या पोरीला? वेडबिड लागलंय का तुम्हाला?" वहिनीच्या हातातलं पातेलं आदळलं. मग ती एकदम खाली बसली. "आणि मी इथं बसून राहिले. तुमचं तोंड बघायला नको म्हणून देवळात पाऊल टाकलं नाही. त्या पोरीची मला आठवणच राहिली नाही. तुमच्याइतकी माझीही चूक."

सदोबाला वाटलं होतं, ती चार शिव्या घालेल. शिव्या बऱ्या होत्या. हे ऐकून तो पडवीतच रडायला लागला.

"रडू नका, पोतं धरा!" वहिनी म्हणाली.

एकट्या बाईची चार महिन्यांची बेगमी. नाचणीचा डबा, हुलग्याचं मडकं, गुळाची ढेप, शेंगदाणे, पुरचुंडीभर आळीव. आणि सुकटीची पिशवी! तिनं ती सदोबाच्याच डोक्यावर ठेवली.

डोळ्यांपुढे आणा, मंडळी! वाघजाईचे सोवळेवाले गुरव, डोक्यावर सुकट, वास चार घरं पुढे धावतोय, आणि पाऊस टाळूवर! देवळाच्या उंबऱ्याशी सदोबा थबकला. आत देवी. बाहेर भुकेली माणसं. त्यानं डोळे मिटले आणि आत पाय टाकला. काय झालं? वीज पडली? देवीनं नाक मुरडलं? काहीही नाही! एक मांजर तेवढं खूश झालं.

आणि वरच्या आळीनं हे बघितलं. त्या घरांनी तांदूळ दिला होता, पण बाकीचं झाकून ठेवलं होतं. मी नावं ठेवत नाही. रस्ता कधी उघडेल कुणाला माहीत, आपलीही पोरं आहेत, असं तुम्हाआम्हालाही वाटलं असतं. पण एकटी बाई सगळं देते म्हटल्यावर एकेक दार उघडलं. कुणी मटकी आणली, कुणी तीळ, कुणी लसणाची माळ.

वहिनीनं सुगंधाला चुलीजवळ बसवलं. आळिवाची खीर, हुलग्याचं माडगं आणि तांब्यावर तांबे उकळलेलं पाणी. "आणि पोरीला पाजायचं थांबवू नको. आटलंय म्हणून दूर धरलीस, तर आणखी आटेल. लावून धर!" बाकीच्यांना सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भाताबरोबर मटकी, नाहीतर सुकटीचं कालवण, आणि सरपण संपलं त्या दिवशी नुसते गूळ-दाणे. थोडंसंच असायचं, पण अंगी लागायचं.

आरतीला सदोबा सगळ्यांसमोर उभा राहिला. "यादी होती. मी मुद्दाम आणलं नाही. वर खोटं बोललो."

भागूआजोबा म्हणाले, "ते पहिल्याच दिवशी कळलं, रे. पण टाळ्या आम्हीच वाजवल्या ना! बस खाली."

सातव्या दिवशी सुगंधाची लेक पोटभर प्यायली आणि सदोबाच्या मांडीवर दिला ढेकर! ढेकराबरोबर दूधही! ऐन सोवळ्यावर! सदोबानं ते सोवळं संध्याकाळपर्यंत बदललं नाही.

नवव्या दिवशी वाट मोकळी झाली. मदतीची गाडी आली. भली माणसं होती, रात्रंदिवस खपून आलेली. त्यांनी मागचं फळकुट उघडलं, आणि आत काय? खोकीच्या खोकी — बिस्किटं! सत्तर माणसं एकदम मागे सरकली!

पुढच्या चैत्रात सदोबानं किल्ली कमरेची काढून वहिनीच्या हातात दिली. "तुम्हीच सांभाळा."

"किल्ली मी ठेवते," ती म्हणाली. "बाजारात तुम्ही जा. सामान ओळखायला शिका."

आणि तो गेला. दात नसलेल्यांना काय चालेल, चूल पेटली नाही तर काय खाता येईल, हे विचारत दुकानात तासभर उभा राहिला. दुकानदार कंटाळला. आणि गावानं ठरवलं, पावसाळा संपला की कोठीतलं जुनं काढून गावजेवण घालायचं, नवीन भरायचं, म्हणजे किडेही नाहीत आणि हुलगे खायची सवयही मोडत नाही. सरबताची एक बाटली मात्र त्यानं हळूच आणली. वहिनीनं बघितली. राहू दिली.

आता वळतो तुमच्याकडे! वाटलं होतं ना, सदोबावर हसून घरी जाऊ? तुमच्या वरच्या फळीवर काय आहे, मला सगळं माहीत आहे. दिवाळीचा शिळा चिवडा! पाहुण्यांनी आणलेली बिस्किटं! फ्रीजमध्ये तीन रंगांचं आईस्क्रीम — वीज गेली की पाऊण तासात त्याचं सरबत! आणि हुलगे? पोरांना विचारा, ते म्हणतील, गेम आहे का हा?

घरी गेलात की कपाट उघडा आणि हिशेब धरा, नऊ दिवस. घरातल्या सगळ्यात लहान माणसाला काय घालाल? सगळ्यात म्हाताऱ्याला काय? शेजारच्या दारामागे कुणी बाळंतीण आहे का, हे तरी ठाऊक आहे का? उत्तर आलं नाही, तर उद्या माझ्या कीर्तनाला येऊ नका. सरळ बाजारात जा.

तुम्ही कुठे गेलात, ते देवाला मी सांगतो!