डाव्या हाताचा जोर

ईशानी : …चहा नंतर, मामी. आधी मामांनी हा मोटरचा हातमोजा घालावा. इथे, माझ्यासमोर.

निरुपमा : अगं, त्यांचा सकाळचा अर्धा तास झालाय. नोंदही गेलीय तुझ्या यंत्रात.

ईशानी : तीच नोंद बघून सयाजीगंजच्या ऑफिसातून तडक आलेय.

सदानंद : घाल बाई. कीर्तनकार बुवाला आख्यान पुन्हा लावा म्हटलं, तर त्याला नाही म्हणता येत नाही.

ईशानी : डावा हात पाठीमागे ठेवा.

सदानंद : तो कशाला?

ईशानी : ठेवा ना. आता मोटर तुमची बोटं उघडेल, मग थांबेल. त्यानंतर तुम्ही आपली आपण उघडायची. तेवढाच जोर मोजला जातो.

सदानंद : पाठ आहे ते. अर्धांगाने विसरलेला हात पुन्हा शिकवायचा, म्हणाली होतीस.

ईशानी : मग उघडा.

(मोटर थांबते. बोटं मिटून जातात, ती मिटलेलीच राहतात.)

ईशानी : आज सकाळचा आकडा बेचाळीस आहे, मामा. पहिल्या महिन्यात तीन होता.

निरुपमा : मी सांगते. डाव्या हाताने रेटतात ते बोटं. मी बघत होते.

ईशानी : कधीपासून?

निरुपमा : दिवाळीपासून. दोन हजार पाचला पुण्याची नोकरी सोडून बडोद्यात आलीस, चार वर्षं या मोटरींत घातलीस. रोज आकडा बघून फोन करायचीस, आणि तीन असला की आवाज पडायचा तुझा. ते ऐकवत नव्हतं गं.

सदानंद : कीर्तनात तबलजीचा ठेका चुकला तर बुवा काय करतो? आपल्या चिपळ्या मोठ्याने वाजवतो, आवाज चढवतो. श्रोत्यांना पत्ता लागत नाही. याला सांभाळून घेणं म्हणतात. तुला सांभाळून घेतलं, एवढंच.

ईशानी : तुमच्या आकड्यांवरून मी मोटरचा जोर ठरवला.

सदानंद : म्हणजे?

ईशानी : तुमची बोटं एवढी मोकळी झाली, तर तसाच हात असलेल्या दुसऱ्यालाही एवढी ओढ सोसेल, असं धरलं. सावली गावचे विश्रामभाऊ आठवतात? कारखान्यात होते.

सदानंद : माळकरी. आठवतात तर. माझंच दुखणं, माझाच उजवा हात. 'बुवा, तुमचं आधी बरं होऊ दे, मग आमचं,' म्हणाले होते.

ईशानी : सोमवारी त्यांना वाढवलेला जोर लावला. हात बधिर, त्यांना दुखलंच नाही. नामस्मरण करत बसले होते. कट्ट असा आवाज झाला, तर म्हणाले, 'बेन, तुमचं मशीन मोडलं वाटतं, माफ करा.'

निरुपमा : आणि?

ईशानी : मशीन धड होतं. बोटं मिटवणाऱ्या दोन दोऱ्या आत तुटल्या. टेंडन म्हणतात त्यांना. इथल्याच इस्पितळात ऑपरेशन झालं, अजून तिथेच आहेत; पण मूठ वळेल असं कुणी डॉक्टर म्हणत नाही.

सदानंद : पांडुरंगा.

निरुपमा : आम्हाला काय ठाऊक असणार हे, पोरी?

ईशानी : मला असायला हवं होतं. दुसरा हात मध्ये आला तर ओळखेल असं काही मी त्यात बसवलंच नाही. प्रत्येक चुकीचा विचार केला होता, फक्त रोगी खोटं बोलेल हे धरलं नव्हतं.

सदानंद : खोटं…

निरुपमा : ईशानी, शब्द जरा जपून.

सदानंद : बरोबर बोलतेय ती. नारदाच्या गादीवर चाळीस वर्षं उभा राहून लोकांना सत्य सांगितलं. घरात मात्र दार लावून आकडे फुगवले.

ईशानी : उद्या अहवाल द्यायचाय. मोटर बिघडली असंही लिहिता येईल. मोटर काही उलटून बोलणार नाही.

निरुपमा : मग तसंच लिही ना. तुझंही राहील, यांचंही राहील. चैत्रात ते पुन्हा कीर्तनाला उभे राहणार म्हणून मंडळी वाट बघताहेत.

सदानंद : निरुपमा, पुरे. ईशानी, आत्ता किती दाखवलं यंत्राने?

ईशानी : कशाला आता?

सदानंद : तीन तरी असेल. पहिल्यापासून तीन होतेच.

ईशानी : शून्य, मामा. दिवाळीपासून सगळं डाव्याने केलंत. उजव्याला येत होतं तेवढंही तो विसरला.

सदानंद : काढ हा हातमोजा.

निरुपमा : पाणी देऊ का?

सदानंद : नको. शून्य लिही. पुढे माझं नाव लिही, आणि हे कसं झालं तेही. मग खाली जाऊन रिक्षा थांबव. विश्रामभाऊंकडे जायचंय.

निरुपमा : आज नको हो. त्यांची बायको असेल तिथे.

सदानंद : म्हणूनच आज.