पट्टा कोणी थांबवला?

सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. ताईच्या मेणबत्तीच्या कारखान्यातलं पॅकिंग खातं. यंत्रावर माल पुढे नेणारा पट्टा थांबला. आता हा पट्टा कोणी थांबवला, एवढा एक साधा प्रश्न मी विचारला, तर तुम्हाला सांगतो, अख्खं खातं माझ्याकडे असं बघायला लागलं, जसं काही मीच... अहो, तीस वर्षं वार्ताहर आहे मी. पूल पडला, मी विचारलं. दवाखान्यातली औषधं संपली, मी विचारलं. मग बहिणीच्या कारखान्यात काय तोंडाला कुलूप लावून बसू? कोणीतरी विचारायला नको का?

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही ताईसारखं म्हणाल, "तुझं सगळं शेवटच्या पानावरून सुरू."

ताई माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून कारखाना एकटी ओढतेय. चौदा बायका कामाला, आणि बावीस वर्षं सहा-सहा मेणबत्त्या कागदात गुंडाळून विकायच्या, हाच शिरस्ता. अन् आता तिच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, ज्याची गावोगाव दुकानं आहेत त्याने, निरोप धाडला की माल उत्तम, पण कागद मळतो, आतलं काही दिसत नाही, तेव्हा प्लास्टिक फिल्ममध्ये पॅक करा, अमुक दिवशी दुपारी तीनच्या गाडीने शंभर पाकिटं नमुना म्हणून पाठवा, पसंत पडली तर वर्षभराची मागणी. आणि नाही पडली तर? तर आहे ती मागणीही बंद. म्हणजे चौदा बायकांनी पुढे कुठे जायचं, ते त्या फिल्मवर ठरणार!

ताईचा फोन आला. "मशीनवाला तीन तऱ्हा दाखवणार आहे, त्यातली एक निवडायचीय. तू नुसता शेजारी उभा राहा. तुला बघून माणसं जरा कमी खोटं बोलतात." नुसता उभा राहा... हे शब्द लक्षात ठेवा.

गेलो. दिवस तोच, तीनच्या गाडीचा. मशीनवाला गोड बोलणारा, आणि गोड बोलणारा माणूस दिसला की माझ्या हाताला आपोआप खाज सुटते. तीन जुनी यंत्रं मांडलेली, पण बटणांना सकाळीच ताजा लालभडक रंग. म्हणाला, "साहेब, जरा जपून, ओलं आहे." मी म्हटलं, "म्हातारं घोडं रंगवून आणलंत होय?" तो हसला. ताई नाही हसली. ती घड्याळ बघत होती.

तिच्या शेजारी मावशी. मावशी म्हणजे पॅकिंग खात्याच्या मुख्य. सगळ्या त्यांना मावशी म्हणतात, ताईसुद्धा, वास्तविक दोघी एका वयाच्या. या मावशींचा एक नियम आहे. प्रत्येक यंत्राला सुतळीने एक वही टांगलेली. यंत्र जो थांबवेल त्याने लिहायचं: वेळ, कारण, नाव. सूट कोणालाही नाही. मी पानं चाळली तर एका ठिकाणी ताईच्या अक्षरात, "दुपारी दोन. डुलकी लागली. ताई." तुम्हाला सांगतो, अशी वही सरकारी कचेऱ्यांत असती तर माझी नोकरी कधीच गेली असती.

तर पहिली तऱ्हा, पाऊच. बिस्किटाच्या पुड्यासारखं. फिल्मची नळी होते, माल आत, दोन्ही टोकं चिकटवली, झालं. भराभर पाकिटं पडायला लागली, मशीनवाल्याची छाती फुगली. मावशींनी एक उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. "खुळखुळा आहे हा. आत जागा राहते. गाडीत आदळून वाती मोडतील." पहिली तऱ्हा बाद.

दुसरी, स्ट्रेच. म्हणजे फिल्म ताणून ताणून भोवती गुंडाळायची, मोडलेल्या पायाला पट्टी बांधतात ना, तशी. तिसऱ्या वेढ्याला आतून आवाज आला, कट्. मधली मेणबत्ती दोन तुकडे. मशीनवाला म्हणतो, "थोडा ताण कमी करू." मावशी म्हणाल्या, "ताण कमी केला की सैल होईल. सैल झालं की मघाचा खुळखुळा." दुसरी बाद. सव्वाअकरा वाजले. ताईने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली. लहानपणी निकालाच्या दिवशी असंच करायची.

आणि मग तिसरी. श्रिंक. फिल्म सैलसर घालायची आणि पाकीट पट्ट्यावरून एका गरम पेटीतून न्यायचं. या पेटीला ते टनेल म्हणतात. उष्णतेने फिल्म आकसते आणि मालाला घट्ट बसते. आता मला सांगा, मेणबत्ती आणि गरम पेटी? मी गप्प बसेन? मी म्हटलं, "अहो, मेण आहे ते, वीट नाही. शुद्धीवर आहात ना?"

"साहेब, चार सेकंद," तो म्हणाला. "फिल्म आकसते तोवर मेणाला पत्तासुद्धा लागत नाही. पट्टा तेवढा चालता राहिला पाहिजे."

"आणि थांबला तर?"

"कशाला थांबेल?"

बघा, मी विचारलं होतं. आधीच विचारलं होतं. कोणीतरी विचारायला नको का?

त्याने पट्टा सुरू केला. पहिलं पाकीट निघालं, अंगावर ढगळ फिल्म, थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखं. टनेलच्या तोंडाशी झुलणारे पडदे होते, त्यांतून आत शिरलं... आणि दुसऱ्या बाजूने जे बाहेर आलं ना, तुम्हाला सांगतो, मला शब्द सुचेना. मला. सहा मेणबत्त्या एकमेकींना बिलगून ताठ उभ्या असाव्यात तशा, आणि वर काहीच नाही. काहीच नाही म्हणजे, आहे, पण दिसत नाही. सुरकुती नाही, घडी नाही. बोट फिरवलं तेव्हा कळलं की इथे काहीतरी आहे. मी महापुराचं पाणी चढताना पाहिलंय, डोंगर खचताना पाहिलाय, आणि दर वेळी वहीत बरोबर पहिलं वाक्य लिहिलंय. इथे पेन तसंच हातात. कांद्याच्या पापुद्र्याएवढी ती फिल्म, आणि आत चार सेकंदांत कुठून तिला कळतं, कुठे किती आवळायचं, वातीशी किती हळू, बुडाशी किती घट्ट? माणसाला सबंध संसारात कळत नाही हो ते.

दहा झाली, पन्नास झाली, नव्वद झाली.  ताईच्या पदराची गाठ सुटली. आणि मी... मला आत बघायचं होतं. पडद्याआड नेमकं काय होतं, ते चार सेकंद. म्हणून मी पुढे वाकलो, शेजारच्या खांबावर कोपर टेकलं, आणि बघत राहिलो. आत सात पाकिटं होती. सातही जागच्या जागी फिल्म आवळून घेत होती. किती सुंदर. मग ती वाकायला लागली. एकेक मेणबत्ती मान टाकावी तशी हळूहळू कलली, आणि मी अजून बघतोय, तेवढ्यात मावशींचा आवाज आला, "पट्टा थांबलाय!"

मशीनवाल्याने धावत उष्णता बंद केली. ताईचा चेहरा पांढरा. आणि मी उभा राहिलो, शर्ट नीट केला आणि खणखणीत विचारलं, "पट्टा कोणी थांबवला?" अख्खं खातं माझ्याकडे वळलं. मशीनवाल्याला फैलावर घेतलं. "हेच का तुमचं चालतं यंत्र? उद्या हिचा सगळा माल असा लोळला तर जबाबदार कोण?"

तो पडेल आवाजात म्हणाला, "साहेब, पट्टा आपणहून थांबत नाही. बटण दाबावं लागतं."

"मग दाबलं कोणी?"

"हातच लागतो असं नाही," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघायला लागला. "कशानेही दबतं."

मावशींनी एव्हाना वाकडी पाकिटं बाहेर काढली होती. उलटीसुलटी केली, आपटून बघितली. मग ताईला म्हणाल्या, "मेण लोळलं, पण फिल्म बघा. एक टाका उसवला नाही, एक मेणबत्ती सुटली नाही. हेच घेऊ. फक्त पट्टा थांबला की उष्णता आपोआप बंद व्हायला हवी. तेवढं बसवून द्या." मशीनवाला म्हणाला, देतो. ताईने एकदा वाकडं पाकीट बघितलं, एकदा मावशींकडे, आणि मान हलवली. उरलेली दहा पाकिटं मावशींनी स्वतः उभं राहून काढली. तीनची गाडी गेली. आठव्या दिवशी वर्षभराची मागणी आली.

निघताना मावशी जवळ आल्या आणि रॉकेलचं फडकं पुढे केलं. "कोपराला लागलंय," एवढंच म्हणाल्या. बघितलं तर बाहीवर रुपयाएवढं लालभडक वर्तुळ. अगदी गोल.

गेल्या आठवड्यात परत गेलो होतो. यंत्र झकास चाललंय. मी सहज वही उघडली. मावशींचं अक्षर. "सकाळी अकरा चाळीस. पट्टा बंद. कारण: बघत राहिल्यामुळे." आणि पुढे नावाची जागा कोरी. मी म्हटलं, "मावशी, नियम तुमचाच ना? हे नाव लिहायचं राहिलंय." त्या पाकिटं मोजत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बरं झालं. कोणीतरी विचारायला हवंच होतं."

पेन तिथेच होतं, सुतळीला बांधलेलं. शर्ट तीनदा धुतलाय, डाग जात नाही. नावाची जागा अजून कोरी आहे.