डावीकडची फट

न्हाई मालक, फोनच्या काचंला काय झालं न्हाई, बॅटरी पण धडधाकट हाय — ती ठोकळ्याची गेम तेवढी काढून टाकायची. व्हय, तीच, वरनं ठोकळं पडत्यात आन आपण खाली वळी जुळवायच्या, भरली की वळ मोडून जाती. माझ्या हातनं निघंना. म्हंजी काढता येतंय मला, तेवढा अडाणी न्हाई — बोट दाबून धरलं की ते चित्र थरथरतंय, काढू का म्हणून इचारतंय, आन मी बोट उचलतो. सकाळपासनं हेच चाललंय. तवा म्हटलं आष्ट्यात चाललोयच, कोकरांचं औषध घ्यायचंय, दुसऱ्याच्या हातनं निघाली तर निघाली. बसू का हितं? मेंढरं पल्याड रस्त्याच्या कडंला हायत, आबा, माझा बाप, हायत जवळ. व्हय, रस्त्याच्याच कडंला. त्येच तर सांगतोय.

आमी आटपाडीकडलं, धनगर. पाऊस सरला की मेंढरं घिऊन हिकडं खाली उतरायचं. लोकं इचारत्यात, दिसभर मेंढरामागं करता काय? दुपारी मेंढरं सावलीला टेकली की करायचं काय असतंय — हेच. त्यात लय तऱ्हा हायत मालक, तुमी खेळत न्हाई वाटतं. एक एकट्याचा डाव, ठोकळं पडतच ऱ्हात्यात, जसजसं जमंल तसतसं जोरात, मरूस्तोवर खेळा. एक घाईचा, घड्याळ लावल्याला. एक सामन्याचा — समोरचा माणूस त्याच्या फोनवर, तुमी वळी मोडल्या की त्याच्याकडं खालनं कचरा चढतोय. आमच्या दाजीचा हा लाडका. दाजी म्हंजी धुळा, माझ्या भनीचा नवरा, त्यो पण मेंढरंच राखतोय. दुसऱ्यावर कचरा ढकलायचा म्हटलं की दाजी भाकरी इसरंल. आन शेवटचा जोडीचा. खड्डा एकच, दोघांनी मिळून भरायचा, एक ठोकळा माझा, एक तुमचा. त्यात कसं हाय, एक उठला की दुसऱ्याचा पण डाव मरतोय. तसं बांधूनच ठेवलंय त्यात.

तर नाथाजीराव म्हणून हायत हितं, बडं बागायतदार, तुमी वळखत असाल. त्यांचा ऊस तुटला की रान मोकळं, त्यात आमची मेंढरं बसवायची. त्यांच्या रानाला लेंडीखत, आमच्या मेंढरांना उसाचं हिरवं वाडं, हिरीचं पाणी. आबांच्या बापापासनं ते रान आमच्याकडं हाय. आन ह्या दिवसांत लय गरज, मेंढ्या व्यायला झाल्याल्या — कोकरू पडलं की चार दिस एका जाग्याला बूड टेकाय पायजे, न्हाईतर चालून चालून मरत्यात. आमच्यात एक रीत हाय मालक. वाघर म्हंजी आमची जाळी, राती मेंढरं कोंडायची. ज्याची वाघर आधी पडली त्याचं रान. मग दुसरा त्यात पाय घालणार न्हाई, भांडणार न्हाई, सख्खा भाऊ असला तरी मुकाट पुढं जाणार. ही रीत कुणी लिवल्याली न्हाई, पण कुणी मोडल्याली पण न्हाई.

परवा दुपारी आमी पार जवळ आल्तो. कालव्याच्या बांधावर बाभळी हायत बगा, तितं मेंढरं टेकली. तितनं रान म्हंजी फुडल्या वळणापल्याडच. तेवढ्यात फोनवर गेमचं बोलावणं आलं — धुळा. जोडीचा डाव. म्हटलं दाजीला आज काय झालं, कवा जोडीचा खेळला न्हाई ह्यो गडी. बसलो. आन काय सांगू, असा डाव जमला — वळीवर वळी, वळीवर वळी. आबा म्हणालं, तानाजी, ऊठ रं, उन्हं कललीत. म्हटलं थांबा आबा, मेंढरं दमल्यात. मेंढरं कुटली दमत्यात, उठून चरायला पण लागल्याली. मधी नाथाजीरावांचा फोन आला. कट केला. फोन घेतला की डाव मरतोय ना. परत आला, परत कट केला. म्हटलं आता जाऊन भेटायचंच हाय.

गेलो तर रानात वाघर. आमची न्हाई. दाजी मेखा ठोकून हात झाडत हुबा, म्हणतोय, या या पावणं, चा घ्या. नाथाजीराव बांधावरच व्हतं. म्हणालं, आरं तुझ्या दाजीनं सांगितलं तानाजी यंदा कराडच्या अंगाला गेला, रान आमाला दिलंय. मला पटंना म्हणून तुला फोन लावला, तर तू कट करतोयस. मला वाटलं सांगायला लाजतोयस. घरचीच माणसं म्हणून बसू दिलं मी. — माणूस खोटं बोलला न्हाई. फोन केला व्हता त्यानं.

पण मालक, माझं ध्यान दाजीच्या हाताकडं. माती लागल्याली, मेखा ठोकल्याल्या, दोरीनं सालटं निघाल्याली. ह्यो हात दुपारभर वाघर बांधत व्हता. मग माझ्यासंगं खेळत कोण व्हतं? पालाच्या तोंडाशी मंगल बसल्याली. माझी भन. पदराखाली फोन, चार्जरची वायर लोंबत व्हती. चूल चांगली पेटल्याली, तरी फुंकत बसली व्हती. मी आबांना घिऊन हुबा, तिनं मान वर केली न्हाई. आबा म्हणालं, मंगे, बरी हायस का? तवा व्हय म्हणाली, चुलीकडं तोंड करूनच.

न्हाई, ऐका. तुमी म्हणाल, सांगितलं आसंल नवऱ्यानं, बाई काय करंल. मी पण त्येच म्हटलं राच्याला. पण नवरा सांगंल काय — खेळत बसव त्याला, एवढंच. जोडीचा डाव काढ, हे दाजीच्या डोक्यात यायचं न्हाई. दाजीनं सामन्याचा काढला असता, आन मी दोन डाव हरून उठलो असतो. जोडीच्या डावातनं मी उठणार न्हाई, हे जगात एकाच माणसाला ठावं.

कारण मला कळलं व्हतं. घ्या, आता सांगूनच टाकतो. तिसऱ्या-चौथ्या ठोकळ्यालाच कळलं व्हतं, ह्यो दाजीचा हात न्हाई. ती डावीकडं फट ठेवती. खड्डा सगळा भरायचा आन डाव्या कडंची फट मोकळी, लांबी पडंस्तोवर — लांबी म्हंजी ती सरळ काठी. काठी फटीत उतरली की चार वळी एका दमात मोडत्यात. मी म्हणायचो, उजवीकडं ठेव की गं, हाताला सोपं. तर म्हणायची, दादा, वाघरंचं तोंड डावीकडंच असतंय. लहानपणी त्या तोंडाशी तीच हुबी असायची, कोकरं आत घ्यायला. आई गेल्यावर तिनंच सगळं केलं. आमच्यात फोन एकच व्हता, पालात शेजारी बसून खेळायचो, एक ठोकळा तिचा, एक माझा. लगीन झालं आन फोन दाजीच्या खिशात. सणासुदीला बोलणं व्हायचं ते पण दाजी शेजारी बसून. आन परवा ती फट दिसली — मालक, माझं डोळं भरून आलं, खोटं न्हाई सांगत. म्हटलं मंगलच्या हातात आज फोन आलाय. आन पहिल्यांदा कुणाची सय आली, तर माझी. मग मी कसा उठंन? मी उठलो असतो तर तिचा डाव मेला असता.

आबांना सांगितलं न्हाई. आबांना वाटतंय पोरगं गेम खेळत बसलं, दाजीनं डाव साधला. शिव्या खाल्ल्या मी, खाईन. काल राती रस्त्याच्या कडंला एक मेंढी व्याली, ट्रकच्या उजेडानं बिचकून उठली, कोकराला चाटलं पण न्हाई. सकाळी कोकरू गार. आबा ते हातात घिऊन म्हणालं, जावई परकाच असतोय रं, पण मंगलला ठावं असतं तर तिनं तुला निरोप धाडला असता. मी म्हटलं, व्हय आबा.

दाबलं का बोट? थरथरायलंय ना? — थांबा. थांबा जरा. ते वर काय आलं? धुळा. बोलावणं. जोडीचा. द्या हिकडं.

न्हाई, खेळत न्हाई, माझं ठोकळं नुसतं सोडून देतो, बगतो फकस्त कोण हाय. दाजी आसंल तर कळंलच. ...हां. चौकोनी उजवीकडं. नागमोडी त्याच्या शेजारी. ...बगा. बगताय ना तुमी? डावी कड सोडली. सगळं भरत आणलं आन ती फट सोडली. पदराखाली धरून खेळत आसंल. काय म्हणायचंय हिला? दादा, राग आला का, म्हणायचंय? का फुडलं रान पण पायजे दाजीला? आता मला कसं कळणार ते — परवा पण अशीच खेळत व्हती की, अशीच, जीव लावून.

लांबी आली. माझ्याच वाट्याला. हुबी सोडली की चार वळी जात्यात, वाट बगत आसंल ती. ...न्हाई. आडवी. फटीच्या तोंडावर आडवी. बसली.

तिचा ठोकळा यायचा थांबलाय. बगत बसली आसंल.

घ्या मालक, काढा आता. न्हाई, तुमीच दाबा. मी तोवर औषध घिऊन येतो.