कोरी वाटी

हॅलो?… हां, बोल ऋजू… थांब, कुकरखालचा गॅस बारीक करते. बारशाच्या घुगऱ्या लावल्यात… हां, आता बोल.

काय? येत नाहीस?… अगं, एवढ्या उशिरा तुझ्या भावाच्या घरी पाळणा हलला. आज पाचला बारसं. सख्खी आत्या तिकडे बाळकुमला फुगून बसली, तर इथे डोंबिवलीत पाळण्याशी वाकणार कोण?… तुझ्या वहिनीची, समीक्षाची, बहीण? असं म्हणाला अपूर्व?… रागात बोलतो गं तो. तूही काही कमी बोलली नसशील.

हो, हो, वाचलं मी. पेपरात आलंय, टीव्हीवर आलंय, खालचा इस्त्रीवाला मारुतीसुद्धा सकाळी तेच सांगत होता. विनीत कारखानीसने बायकोला आणि दोन्ही मुलींना घराबाहेर काढलं नि दाराला कुलूप लावलं… नाही गं, त्याची बाजू कुठे घेतेय मी?… परवा त्याने शतक ठोकलं तेव्हा टाळ्या वाजवल्या, हे खरं. अगं, फटकाच तसा मारला मेल्याने! हात आपोआप गेले… हो, पण ऐक ना. टाळ्या वेगळ्या आणि आपल्या बाळाला त्याचं नाव देणं वेगळं, एवढं मलाही कळतं.

नाही, लहानपणापासूनचं वेड आहे त्याचं हे क्रिकेटचं. एका दिवसात कसं सुटेल?… ऋजू, ऐकतेस का? चाळीस वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट सांगते. अपूर्वला बोलायची नाही हं… शपथ?… बरं.

चौऱ्याऐंशी साल. आपण कल्याणच्या चाळीत राहायचो. तू तीन वर्षांची, अपूर्व सव्वा महिन्याचा. रविवारी त्याचं बारसं आणि शनिवारी मैदानात नाटक, हरिहर सबनीसांचं… कोण म्हणजे? तुम्हाला आज नाही कळायचं. तिकीट न मिळालेले लोक बाजूच्या गच्च्यांवर बसायचे. तुझे बाबा तर त्यांच्यापायी वेडे. मुलाचं नाव हरिहर, ठरलंच! सोनाराकडून चांदीची वाटीही नाव कोरून आणलेली… हां, तीच. अपूर्व अजून श्रीखंड खातो ना तिच्यात… पणजोबांची नव्हे गं ती! पणजोबांचं नाव गुणाजी. इतक्या वर्षांत कधी विचारलंत का दोघांनी?

हसू नकोस, पुढे ऐक. नटमंडळी दुपारी आपल्याकडे जेवली. जेवणानंतर ठमाबाईंनी चहा नेला… त्याच, आंबिवलीहून भांडी घासायला यायच्या त्या. तुला कडेवर घेऊन सगळी चाळ फिरवायच्या. चहा जरा निवला होता, तर त्या एवढ्या मोठ्या माणसाने कपबशी त्यांच्या अंगावर भिरकावली… हो, अंगावर… कोणी नाही बोललं. तुझे बाबा नाहीत आणि मीही नाही. बाळाला पदराखाली घेऊन दारात उभी होते नुसती. ठमाबाईंनी तुकडे वेचले, लुगडं झटकलं, मोरीत गेल्या.

मग काय, म्हटलं, नाटकाला जायचंच नाही… गेले. अगं, गेले ना! बाळ सासूबाईंकडे दिलं आणि गेले. तिसऱ्या अंकात ढसाढसा रडले. शेजारी बघते तर ठमाबाई! खाली बसून पदराने डोळे पुसताहेत. मला म्हणाल्या, “बाई, मानूस वाईट हाय. पन रडवतो बरा.”… नाही ऋजू, खोटं कुठलं? रडू खरंच होतं. कपबशीही खरीच होती. दोन्ही एकाच माणसाचं, त्याला काय करणार?

घरी आल्यावर तुझ्या हेमाआत्यांना गाठलं. म्हटलं, वन्सं, नाटकाला मी पुन्हाही जाईन. पण पोराला हाक मारताना रोज ती कपबशी आठवेल मला… दुसऱ्या दिवशी पाळण्यात वाकल्या, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि सरळ होऊन मोठ्याने म्हणाल्या, “अपूर्व!”… बाबा? आ वासून उभे. पण कानात गेलेलं नाव बाहेर काढता येतं का? दोन दिवस बहिणीशी अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, “अपूर्वला दे इकडे.”

सबनीस ना? पुढे फार नाव झालं त्यांचं. ऐंशीव्या वर्षी ठाण्यात सत्कार होता, मी गेले होते. उभी राहून टाळ्या वाजवल्या. पाया पडायला रांग लागली होती, त्या रांगेत मात्र नाही गेले. वारले ते, झाली सहा वर्षं. ठमाबाई त्यांच्याही आधी गेल्या. हेमाआत्या कळव्याला गुडघे धरून बसल्यात, तरी आज रिक्षा करून येताहेत. आणि तुझे बाबा… त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, नाव माझ्या सांगण्यावरून बदललं ते.

नाही, नाही! तू तसं करायचं नाहीस. तेच तर सांगतेय. आम्ही चोरून केलं, कारण समोर बसून बोलायची छाती नव्हती. तू भांड. पण इथे येऊन, त्याच्या तोंडावर भांड.

थांब, बेल वाजली… अपूर्वच आहे, सोनाराकडून आलाय… अरे, ताईचा फोन आहे. दाखव बघू बाळाची वाटी… … ऋजू… अगं, कोरी आहे… वाटी गं! एक अक्षर नाही तिच्यावर… का रे?… म्हणतो, सोनाराने तीनदा विचारलं, नाव काय घालू. याच्या तोंडून निघेचना. कारखानीसच्या त्या दोन मुली डोळ्यांसमोर येत होत्या म्हणे, टीव्हीवर दाखवलेल्या, पायरीवर बसलेल्या… काय रे?… म्हणतो, ताईने वाकायचं, ताई ठेवील ते नाव.

रडतेस काय वेडे? ऊठ, साडी बदल, चारच्या आत पोच… ती जुनी वाटी? सांगेन आज त्याला. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून सांगेन… अरे, आता टीव्ही कशाला लावतोस?… ऋजू, मॅच लावली बघ त्याने. कारखानीस खेळायला उतरलाय म्हणे… बघू दे. मीही बघणार आहे.

काय? सुचलं नाव?… अं हं, मला नको सांगूस. त्यालाही नको. आधी बाळाच्या कानात जाऊ दे… अगं बाई, कुकर! ठेवते गं.