शोभाताईंच्या कार्डावर

मी मूळची मुरबाडकडची. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचा, आम्ही चार बहिणी, त्यात मी तिसरी, म्हणजे नावं घेताना लोक विसरायचे अशी. लग्न करून डोंबिवलीला आले ती एमआयडीसीच्या मागच्या ह्याच चाळीत, आणि पहिल्याच दिवशी मी ह्यांना विचारलं की कुणाच्या घरी गॅस गळतोय का हो, तर हे हसायलाच लागले, म्हणाले अगं ही इथली हवाच आहे, आठ दिवसांत नाक मरेल तुझं. आठ कसले, चार दिवसांत मेलं. मघाशी तुम्ही रुमाल धरलात ना नाकाला, मला काहीच येत नाही बघा. चहा घ्या, गार होतोय.

तर आमचे हे रिक्षा चालवतात, भाड्याची. ह्यांची मोठी बहीण शोभाताई, म्हणजे माझी नणंद, त्या दोन खोल्या सोडून राहतात. त्यांचे मालक लवकर वारले, पदरात एक मुलगी, तेव्हापासून त्या कंपनीत ड्रम धुवायला जायच्या. कंपनीचं नाव लिहू नका मॅडम, केस चालू आहे. केमिकलचे रिकामे ड्रम येतात, बूच उघडायचं, तळाचं ओतून काढायचं, मग कॉस्टिकचं गरम पाणी टाकून गदागदा हलवायचं आणि उलटे करून ठेवायचे. ज्या ड्रममध्ये ॲसिड असतं त्याच्यावर खडूने फुली मारलेली असते. फुलीवाल्यात कॉस्टिक टाकायचं नाही, नाहीतर दोन्ही एकमेकांवर उठतात, उकळून वर येतं सगळं. हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, शाळेत गेलेली असो नाहीतर नसो.

आता आमची चूक सांगते, सरळच सांगते. तिथल्या बायका सगळ्या ठेकेदाराच्या. गळ्यात कार्ड मिळायलाच कितीतरी वर्षं जातात, त्या कार्डावर विमा पण असतो, सरकारी, कामगारांचा. आणि आठ दिवस दांडी मारली की ठेकेदार ती जागा दुसरीला देतो. मग बायका काय करतात, गावाला जायचं असलं, आजारपण असलं, की आपल्या जागी बहीण पाठवायची, भावजय पाठवायची. तोंडाला फडकं बांधलेलंच असतं, कार्ड गळ्यात घालायचं, सही ठोकायची, झालं. मुकादमाला माहीत, ठेकेदाराला माहीत, त्यांना ड्रम धुतले गेल्याशी मतलब. आम्हाला ते खोटं वाटायचंच नाही हो. नळावर शेजारणीच्या हंड्याला आपण नंबर धरतो की नाही, तसंच.

शोभाताईंच्या मुलीचे दिवस भरत आलेले, डॉक्टरने तिला प्रवास नको सांगितला, म्हणून ताईच नाशिकला निघाल्या. जाताना कार्ड माझ्या गळ्यात घातलं, म्हणाल्या सुरेखा, पंधरा दिवस सांभाळ गं माझी जागा. मी म्हटलं जा निवांत.

पाचवा दिवस असेल. ड्रमवर फुली नव्हती. मी दोनदा बघितलं, आईशप्पथ, दोनदा बघितलं, कोर्टात पण हेच सांगितलं मी. बूच काढलं, कॉस्टिक ओतलं, आणि आतून असा आवाज आला की जनावर हुंकारतं ना तसा, आणि मग काही दिसलंच नाही. आधी गरम लागलं, मग मुंग्या, मग जे काय सुरू झालं ते मी बोलत नाही. उजवा डोळा, ही मान, हा हात. मी ओरडत होते की नाही ते पण मला माहीत नाही, बायका सांगतात ओरडत होतीस. असं काही झालं तर धुवायला तिथे भिंतीला फवारा लावलेला, वर पाटी पण होती, पण त्याच्याखाली गोण्या रचून ठेवलेल्या. मंदा म्हणून एक बाई होती, तिने ड्रम धुवायचा पाइप ओढला आणि माझ्यावर धरून ठेवला, मुकादम म्हणतोय बस कर, उचला हिला, आणि ती सोडेना. डॉक्टर नंतर म्हणाले त्या पाण्याने डावा डोळा वाचला. उजव्यात आता नुसतं पांढरं दिसतं, धुकं पडल्यासारखं.

रिक्षात मुकादम बाजूला बसलेला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, कार्ड शोभाचं आहे, तू शोभा, कळलं का, दुसरं नाव घेतलंस तर उपचार बंद आणि दोघी नणंद-भावजय आत जाल. मॅडम, अंग जळतंय आणि मी मनात घोकतेय, मी शोभा, मी शोभा.

विम्याच्या हॉस्पिटलात नेलं. बाई ॲसिडने भाजली म्हटल्यावर पोलीस येतातच. हवालदार आला, पहिलाच प्रश्न, नवऱ्याने टाकलं का. मी म्हटलं नाही. मग नवरा कुठाय. आता मी शोभा ना, शोभाचा नवरा वारलेला. हे बाहेर बाकड्यावर बसलेले, दाराच्या फटीतून ह्यांची चप्पल दिसत होती मला, आणि मी ह्या तोंडाने सांगितलं, वारले. मंगळसूत्र मानेवरून कापून काढलेलंच होतं. हवालदार म्हणाला मग बाहेर बसलाय तो कोण. मी म्हटलं भाऊ. त्याने लिहून घेतलं आणि मी खाली शोभा अशी सही केली. डोळ्याची आग एकीकडे आणि ही भीती एकीकडे, की देवा, मी हे काय बोलले, आता ह्यांना काही झालं तर.

घरी आले ती भीती पण घरी आली. दाराशी बाइक थांबली की वाटायचं पोलीस. ताई नाशिकहून परत आल्या तर त्यांना कामावर जाता येईना, कारण कागदावर त्या भाजलेल्या. मग मुकादमाने काय केलं, ताईंच्या हाताला बँडेज बांधायला लावलं! महिनाभर ती बाई चांगल्या हाताला बँडेज गुंडाळून कामावर, आणि मी इकडे खरी भाजलेली घरात लपून. हसू येतंय ना तुम्हाला, येऊ द्या ना, हसा, मला पण कधी कधी येतं.

मग डोळ्याचं ऑपरेशन सांगितलं. काउंटरवर नवीन पोरगी होती, तिने कार्डावरचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला, म्हणाली मावशी, पदर जरा बाजूला घ्या. मी केसपेपर तिथेच टाकला आणि पळाले. एका डोळ्याने पळणं काय असतं सांगू, जिन्याची पायरी आहे की नाही कळत नाही. त्यानंतर मी हॉस्पिटलची पायरीच चढले नाही. डोळा पाझरायचा, मी कढत फडकं धरून बसायची. तेवढ्यात मुकादम येऊन सांगून गेला, कंपनीत तू कधी आलीच नाहीस, आमच्याकडे सुरेखा नावाची बाई नाही. म्हणजे भाजलेली बाई कागदावर दुसरी, आणि मी तर कुठेच नाही.

मंदाने मला कल्याणला नेलं, तिथे शनिवारी एक वकीलबाई कामगारांचं ऐकून घेतात. मी त्यांच्यासमोर तासभर रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, तुम्ही खोटं नाव सांगितलंत हे खरं, पण तुम्ही भाजलात हे पण खरंच आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. म्हणाल्या, कारखान्यात जी काम करते ती कामगार, ठेकेदाराची असली तरी, आणि तिचं विम्यात नाव घालणं हे मालकाचं काम, तुमचं नाही. पहिला अर्ज विम्याच्या ऑफिसला, की अपघात माझा. कंपनी नाही म्हणेल, मग कोर्ट ठरवेल. दुसरा अर्ज कारखाना निरीक्षकाकडे, फवारा गोण्यांनी अडवलेला, फुली नव्हती, त्याचा. आणि समजा विमा लागूच नाही असं ठरलं, तर नुकसानभरपाईचा कायदा वेगळा आहे, तो रस्ता उघडा राहतो, पण ह्या सगळ्याला मुदत असते, घरात बसून राहू नका. मी विचारलं, आम्हाला आत टाकतील का. त्या म्हणाल्या, काहीच होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, पण पकडले जाण्याआधी स्वतःहून खरं सांगणं केव्हाही बरं, आणि पोलिसांकडचा जबाब पण बदलायला लागेल. फक्त तुमच्या नणंदेने सांगायला हवं की त्या दिवशी मी तिथे नव्हते.

आता आलं का ध्यानात? ताई बोलल्या तर त्यांचं कार्ड गेलं, नोकरी गेली. नाही बोलल्या तर माझा डोळा गेला.

घरी येऊन सांगितलं तर ताई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी नळावर मी हंडा लावला तर त्यांनी त्यांचा उचलून बाजूला नेला. हे बिचारे मधल्या मध्ये, बहिणीकडे बघायचं की बायकोकडे. एकदा वैतागून म्हणाले, सोड ना सुरेखा, एका डोळ्याने पण जगतातच की लोक. मी ह्यांना तोंडावर म्हटलं, तुम्ही जगून बघा मग. त्या रात्री कुणी जेवलं नाही. तरी सकाळी उठून कल्याणला माझ्याबरोबर आले, अर्जावर सही करताना बाजूला उभे राहिले, हे पण लिहा.

कोर्ट ठाण्याला. ट्रेनमध्ये मानेला धक्का लागतो म्हणून मी एसटीने जाते, खोपट स्टँडला उतरून पुढे चालत. पहिल्या काही तारखा नुसत्याच गेल्या. मग माझी साक्ष निघाली. कंपनीचा वकील एकदम गोड बोलणारा, ताई ताई करत म्हणाला, हॉस्पिटलच्या कागदावर तुम्ही सांगितलंय नवरा वारला, मग हे मागे बसलेत ते कोण, ताई, तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय. कठड्याला धरलं मी. म्हटलं तेव्हा खोटं बोलले साहेब. तो म्हणाला, म्हणजे तुम्ही खोटं बोलता, आणि खाली बसला. मला वाटलं संपलं. आता इथूनच धरून नेतील.

जेवायची सुट्टी झाली. बाहेर आले तर व्हरांड्यात शोभाताई. कामाचा दिवस, आणि ही बाई इस्त्रीची साडी नेसून, पिशवी पोटाशी धरून उभी. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याकडे बघेना पण. वकीलबाईंना म्हणाली, माझं काय ते घ्या लिहून, मला परत यायला जमेल का नाही माहीत नाही, आज धीर झालाय.

दुपारी वकीलबाईंनी अर्ज दिला, जज्जसाहेबांनी परवानगी दिली, ताई उभ्या राहिल्या. साहेबांनी समजावलं, बाई, तुमची नोकरी जाऊ शकते, तुमच्यावर पण येऊ शकतं, कुणी दबाव टाकलाय का. ताईंनी दोन्ही हात पुढे केले, बाह्या वर सारल्या, स्वच्छ हात हो, एक डाग नाही. म्हणाल्या, साहेब, कागदावर मी भाजलेय, बघा. आणि मग माझ्याकडे बोट केलं आणि तिथेच रडायला लागल्या, म्हणाल्या हिला मी पाठवलं, ती माझ्या जागी उभी होती, माझं जे जळायचं ते हिचं जळलं.

चौथ्या दिवशी त्यांना गेटवरून परत पाठवलं. आता आम्ही दोघी घरी पोळ्या करून देतो, एमआयडीसीतल्या दोन मेसला. मला तव्याजवळ बसवत नाही, डोळ्याला आच लागते, त्या भाजतात, मी लाटते. वकीलबाईंनी धावपळ करून माझ्या स्वतःच्या नावाने केसपेपर काढून दिलाय, ऑपरेशनची तारीख मिळालीय, पण डॉक्टर म्हणतात उशीर झालाय, किती दिसेल सांगता येत नाही. कोर्टाचा निकाल बाकी आहे. आणि आमच्या चुकीबद्दल पोलीस काही करणार की नाही, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

भीती गेली का म्हणाल तर नाही गेली. परवाच पोस्टमनने दार वाजवलं तर माझ्या हातातलं लाटणं पडलं. काय लागायचा तो निकाल लागेल, आपल्या हातात काय आहे. पण तुम्हाला खरं सांगते मॅडम, ते पहिले महिने मी पडल्या पडल्या ह्या बाईला, शोभाताईंना, शिव्याशाप दिलेत, तिचं वाटोळं व्हावं असं पण म्हटलंय मनात. आता दिवा लावते तेव्हा आधी तिच्यासाठी हात जोडते, की देवा, माझ्या डोळ्याचं काय करायचं ते कर, हिच्या हातांना मात्र काही होऊ देऊ नकोस.