इथला पत्ता

कंपन्यांची नोंदणी होते त्या कचेरीत माझ्या पुढच्या बाकावर एक मामा-भाची बसले होते.

"कंपनी परदेशी, आणि डायरेक्टर तू?"

"कायदाच आहे मामा. एक तरी डायरेक्टर इथे राहणारा लागतो. त्यांचे सगळे तिकडे."

"म्हणजे तू करायचं काय?"

"सह्या."

"आणि ते बनवतात काय?"

"लिफ्टचे दोर."

"अरे वा! आणि दोर तुटला तर?"

"तुटत नाहीत हो."

"समज, तुटलाच. मग पोलीस काय विमानानं तिकडे जाणार?"

"नाही. आधी इथल्या डायरेक्टरला शोधणार."

"मग त्यांचा वकीलच का नाही झाला डायरेक्टर?"

"त्याला विचारलं होतं. त्यानं हात जोडले."

"शहाणा आहे! पण पोलीस येणार कुठे? तुझी तर भाड्याची खोली."

"म्हणूनच कंपनीसाठी कायमचा पत्ता हवा म्हणाले."

"बरोबरच आहे. मग कुणाचा दिलास?"

"मामा, तुम्हाला उगाच का आणलंय इतक्या लांब?"

मामा उठून दाराकडे निघाले.

"अहो, निघालात कुठे? आपला नंबर येईल आता!"

"मामीला फोन करून येतो. दार तीच उघडते."